चार पाकिटं

वाचकाचं पत्र :

"ताई, दीड वर्षापूर्वी मी बँकेतून निवृत्त झाले. मुलगा-सून पुण्याला. सासूबाई गेल्यापासून घर खायला उठतं. सकाळी पोथी वाचते, संध्याकाळी फिरून येते, तरी मन भरत नाही. म्हणून आमच्या कॉलनीतल्या ग्रुपबरोबर दर गुरुवारी एका सरकारी दवाखान्याच्या गेटाबाहेर खिचडी वाटायला जाऊ लागले. पहिले दोन महिने घरी येऊन देवघरासमोर बसलं की डोळे आपोआप भरून यायचे. वाटायचं, हेच तर शोधत होते मी. आता आठ महिने झाले आणि काहीच वाटत नाही. लोक ढकलाढकली करतात. कुणी म्हणतं मीठ कमी आहे, कुणी न खाता तसंच ठेवून देतं. ग्रुपमध्ये फोटो टाकायची घाई वेगळीच. मागच्या महिन्यात एका बाईनं चार पाकिटं पदराखाली घेतली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'एकाला एकच मिळेल, बाकीच्यांनी काय खायचं?' तिनं माझ्याकडे पाहिलं, चारही पाकिटं टेबलावर ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर ती दिसली नाही. तेव्हापासून मला धड झोप नाही. यजमान म्हणतात, 'तू हे स्वतःच्या समाधानासाठी करतेस, त्यांच्यासाठी नाही.' खरं असेल का हे? गरिबांच्या सेवेत देव भेटतो म्हणतात. मग मला का भेटत नाही? हे सोडून देऊन पारायणच करत बसावं का? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर"

प्रिय ताई,

तुम्ही नाव लिहिलं नाही, म्हणून मीही तुम्हाला ताईच म्हणते. वयानं आपण मागेपुढेच असू.

आधी त्या चार पाकिटांबद्दल बोलू. मी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. आपल्याकडची मोठी सरकारी रुग्णालयं, मेडिकल घ्या की मेयो, तिथल्या खाटांवरची कितीतरी माणसं नागपूरची नसतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, आणि सीमेपलीकडून छिंदवाडा, बालाघाट. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं. सोबत आलेल्या माणसाचं त्यानंच बघायचं असतं. आणि तो जेवण शोधायला खाली उतरला की वर पेशंट एकटा पडतो. सलाईन संपत आली, उलटी झाली, लघवीला जायचं आहे, तर सिस्टरला हाक मारायला कुणीतरी लागतंच. म्हणून वॉर्डात कुणी न ठरवता एक रीत पडते. शेजारशेजारच्या तीन-चार खाटांवरच्या बाया एकमेकींचे पेशंट सांभाळतात आणि एकीला खाली पाठवतात. ती चौघींचं घेऊन वर येते. चार दिवसांपूर्वी या बाया एकमेकींना ओळखतही नसतात. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की तुमच्या पत्रात "चार पाकिटं" वाचताच माझ्या डोळ्यांसमोर चार खाटाच आल्या.

पदराखाली घेतली म्हणजे लपवली, असं आपल्याला वाटतं. पण एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, पास तोंडात धरलेला, अशा बाईनं चार गरम पाकिटं धरायची कशात? पदर सोडून तिच्याजवळ दुसरं काय असतं?

मी तिथं नव्हते, त्यामुळे तिचं नेमकं काय होतं ते मला सांगता येणार नाही. दोन पाकिटं तिनं संध्याकाळसाठीही घेतली असतील. पण "किती जणांसाठी हवं आहे?" हे तुम्ही तिला विचारलं नाही, आणि उत्तर द्यायला ती थांबली नाही. तिची पाकिटं परत करण्याची रीत मला तिच्याबद्दल बरंच सांगून जाते. भुकेली असूनही तिनं तुमच्याशी वाद घातला नाही. मान राखून निघून गेली.

मी तुम्हाला दोष देत नाही, ताई. मी याहून वाईट वागलेली आहे. नोकरी नवी होती तेव्हा सिकलसेलचा एक मुलगा, आठ-नऊ वर्षांचा असेल, तिसऱ्यांदा भरती झाला. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि कळ अशी उठते की मोठी माणसंही रडतात. पोरगं खाटेवर वाकडंतिकडं होत होतं. त्याच्या बापाला मी वॉर्डात सगळ्यांदेखत झापलं. गोळ्या फुकट मिळतात, त्याही वेळेवर देता येत नाहीत का तुला? तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "गोळी तं फुकट भेटते बाई. पण घ्याले जाचं म्हणजे दिवसाची मजुरी जाते, अन् एस्टीचे पैसे येगळे."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी उठून मात्र मी डॉक्टरांकडे गेले आणि त्याला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील अशी चिठ्ठी लिहून घेतली. काम पाच मिनिटांचं होतं. ते सुचायला आधी त्याचं ऐकून घ्यावं लागलं. उन्हाळ्यात तो पुन्हा गोळ्यांसाठी आला तेव्हा धोतराच्या फडक्यात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, बांधून घेऊन आला होता माझ्यासाठी. मी आधी नको म्हणाले, पैसे द्यायला लागले, तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग त्याच्याच बाकड्यावर बसून मी दोन टेंभरं खाल्ली. त्याचं पोरगं शेजारी बसून बिया थुंकत होतं. तुम्ही विचारता ना, देव कुठे भेटतो? मला ठाम सांगता येत नाही. पण आयुष्यात ज्या दोन-चार जागांपाशी मला तसं वाटून गेलं, त्यांत ते बाकडं आहे. आणि त्या वेळी मी काहीही देत नव्हते, घेत होते.

म्हणून तुमच्या आठ महिन्यांकडे मी तुमच्यापेक्षा वेगळं बघते. पहिल्या दोन महिन्यांत डोळे भरून यायचे, ते खोटं नव्हतं. पण ते पाणी टेबलाच्या तुमच्या बाजूचं होतं. तुम्ही देत होता आणि देण्याचं सुख तुम्हाला मिळत होतं. समोरून फक्त हात येत होते. त्या बाईनं पाकिटं परत ठेवली तेव्हा पहिल्यांदा एका माणसाचा चेहरा तुमच्या घरापर्यंत आला. तो अजून गेलेला नाही. तुमची झोप उडाली ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटते, दुखलं तरी.

वरोरा आपल्यापासून काही फार लांब नाही. बाबा आमटे तिथं वकिली करत होते, सफाई कामगारांबरोबर स्वतः मैला वाहत होते. अशाच एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला त्यांना तुळशीराम दिसला, कुष्ठरोगानं झडलेला, मरणाला टेकलेला. बाबा घाबरून घरी पळाले. मैल्याची किळस न बाळगणारा माणूस एका आजारी जिवाला बघून पळाला, ही गोष्ट त्यांनी पुढे कधी लपवली नाही. त्या पळण्याची लाज त्यांना बसू देईना. ते परत गेले, तुळशीरामाची शुश्रूषा केली. नंतर कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचं रीतसर शिक्षण घेतलं. आनंदवन त्यानंतरचं. त्या शिक्षणाकडे मी तुमचं लक्ष वेधते. लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ ते कामाचं शिकायला गेले.

आता तुमच्या कोरड्या पडलेल्या मनाबद्दल. इथे मला आधार वाटते ती गोष्ट फार जुनी आहे. आपण दीक्षाभूमीच्या गावात राहतो, तेव्हा ती तुम्हाला परकी वाटू नये. बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा जो ग्रंथ, त्या विनयपिटकाच्या महावग्गात ती येते. एक भिक्खू पोटाच्या आजारानं स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तिथं येतात. बुद्ध विचारतात, तुझं करायला कुणी नाही का? तो म्हणतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझं करत नाहीत. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद धुतो. मग एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून उचलून ते दोघं त्याला खाटेवर ठेवतात. त्यानंतर बुद्ध संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची सेवा करावी.

हे वाक्य बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यापुढे जे येतं ते माझ्या नोकरीत मला रोज उपयोगी पडलं. आजाऱ्याची सेवा करायला लायक कोण, याचे पाच गुण तिथं सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आलं पाहिजे. पथ्य काय, अपथ्य काय हे कळलं पाहिजे, म्हणजे सोसेल ते द्यायचं आणि न सोसणारं दूर ठेवायचं. सेवा मैत्रीच्या भावनेनं करावी, आमिषासाठी नाही. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस बाळगू नये. आणि वेळोवेळी धम्माचे चार शब्द बोलून आजाऱ्याला उभारी देता आली पाहिजे. पाचांतले पहिले दोन सरळसरळ माहितीचे आहेत! सेवा करणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजेत, असं त्यात कुठेही नाही. आणि आमिष म्हणजे पैसाच असतो असं थोडंच आहे? देवघरासमोर मिळणारी शांतीही आमिष होऊ शकते. तुम्ही दर गुरुवारी ती मिळते का हे तपासत होता. मिळेनाशी झाली तेव्हा वाटलं, सेवाच फुकट गेली.

तिथंच त्रास देणाऱ्या आजाऱ्यांचंही वर्णन आहे. पथ्य न पाळणारा, प्रमाण न कळणारा, औषध न घेणारा, काय होतंय ते खरं न सांगणारा, दुखणं सहन न करणारा. म्हणजे मीठ कमी आहे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांचंही करायचंच होतं.

यजमानांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला काही हरकत नाही. तुम्ही समाधानासाठीच सुरुवात केलीत. घर खायला उठलं म्हणून बाहेर पडलात. यात पाप नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. एखाद्या गुरुवारी त्यांना सोबत घेऊन जा, एवढंच म्हणेन.

तर आता करायचं काय? काम सोडू नका, काम बदला.

तुम्ही बँकेतल्या आहात. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे निघून गेलात, मला मात्र त्या ओळीवर थांबावंसं वाटलं. खिचडी वाटणारे हात नागपुरात भरपूर आहेत. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर बघा, मंडपामंडपात बोलावून बोलावून जेवायला वाढतात. पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाचा कागद वाचून देणारं कुणी नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, यादीतले उपचार मोफत होतात. त्यासाठी रेशन कार्ड लागतं, ओळखपत्र लागतं. रेशन कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, लग्नाआधीचं आडनाव तिसरीकडेच, आणि माणूस खिडकी-खिडकी फिरत राहतो. प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे जायचं हेही कितीकांना माहीत नसतं. छिंदवाड्याहून आलेल्याकडे आयुष्मान कार्ड असतं. ते राज्याबाहेरही चालतं, पण तो पिशवीच्या तळातून ते काढत नाही, कारण त्याला वाटतं, हे आपल्या एमपीचं आहे.

आणि खाती! संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, केवायसी राहून जातं, अंगठा उमटत नाही, हे सगळं मी तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही काउंटरच्या आतून हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तीच माणसं, तेच कागद, फक्त आता तुम्ही काउंटरच्या बाहेर त्यांच्या शेजारी बसायचं. पहिल्या दोन गुणांतलं औषध म्हणजे तुमच्याकडे हेच आहे.

हे आपल्या मनानं सुरू करू नका. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, काय येतं ते सांगा, कोणत्या दिवशी येऊ ते विचारा. पहिल्या भेटीत ते तुम्हाला ताटकळत ठेवतील. मीही ठेवायचे, कारण उत्साहानं येऊन तिसऱ्या आठवड्यात गायब होणारे फार पाहिले होते. महिनाभर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जा. मग तेच तुम्हाला शोधत येतील. दिवस एकच ठेवा, पण चुकवू नका. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींना, संस्कृतचे मोठे पंडित, पण कुष्ठरोग झालेले, गांधीजींनी आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि त्यांना मालीश करण्याचं काम स्वतःकडे घेतलं. देशाचं राजकारण दाराशी येऊन बसलेलं असतानाही ते काम चालू राहिलं. मनाला वाटो न वाटो, वेळ झाली की उठायचं.

पैशाचं मात्र सांभाळा. रोख कुणाच्या हातात देऊ नका, घरचा पत्ता देऊ नका. औषध हवं असेल तर चिठ्ठी घेऊन दुकानात स्वतः जा.

खिचडीबद्दल एक. न खाता ठेवून देतात म्हणून तुम्हाला वाईट वाटतं. अहो, ते संध्याकाळसाठी ठेवतात! संध्याकाळी गेटावर कुणी येत नाही, हे त्यांना माहीत असतं. पण नागपूरचा उन्हाळा तुम्हीही जाणता. बाराला भरलेली खिचडी चारपर्यंत आंबते, आणि मग रात्री तीच खाऊन सोबतीचा माणूस पोट धरून बसतो. मार्चपासून जूनपर्यंत खिचडी बंद करा. पोळ्या आणि शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी द्या. रात्रीपर्यंत टिकते. ग्रुपमधल्या बायका म्हणतील, पोळ्या लाटायला वेळ लागतो. लागतोच. पंधरा घरी दहा-दहा पोळ्या वाटून द्या.

फोटोंबाबत ग्रुपमध्ये बोलायची वेळ आली आहे, आणि ते तुम्हीच बोला. हातात पाकीट घेतलेला माणूस फोटोला नाही म्हणू शकत नाही. त्याच्या गावातही मोबाइल आहे. दवाखान्याबाहेर मागून खाल्लं, हे त्याच्या सोयऱ्यांनी का बघावं? भांड्यांचा काढा, पोळ्यांच्या चवडीचा काढा. माणसांचा नको.

पारायण सोडायचं काय कारण? सकाळची पोथी चालू ठेवा. शेगावला तुम्ही गेला असालच. तिथं चपला सांभाळणारा सेवेकरी प्रत्येकाला "माउली" म्हणतो, आणि त्याची पाळी संपली की घरी जाऊन आपली शेती करतो. पोथी आणि चपला यांत त्याला कधी निवड करावी लागलेली दिसत नाही.

शेवटी त्या बाईबद्दल. तिचा पेशंट बरा होऊन गेला असेल, किंवा नसेल. ती भेटणं कठीण आहे, तरी गेटावरच्या चहावाल्याला विचारून बघा, त्याला माणसं आठवतात. नाही भेटली तरी या गुरुवारी टेबलामागे उभ्या राहू नका. कुणी एकाहून जास्त पाकिटं मागितली की एकच विचारा, "वर किती जण आहेत?" आणि परवानगी मिळाली तर एखादीबरोबर पाकिटं धरून वॉर्डापर्यंत चालत जा. चार पाकिटं कोणाकोणाच्या हातात जातात ते बघून या आणि मला लिहून कळवा. मी वाट बघते.

तुमची,
ताई